निर्दोष चोराचे देणे

विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’बद्दल वाचकांचे कधीच एकमत झाले नाही. १८६८ साली ही कादंबरी चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात जानेवारी ते ऑगस्ट अशी क्रमशः छापून आली. तेव्हा पुढच्या अंकासाठी लोक खोळंबून राहत. खुद्द डिकन्सला मात्र तिची रचना पुढेपुढे कंटाळवाणी वाटू लागली होती आणि तसे त्याने एका पत्रात लिहूनही ठेवले. साठेक वर्षांनी टी. एस. एलियटने तिला आधुनिक इंग्रजी गुप्तहेर कादंबऱ्यांत पहिले आणि वरचे स्थान दिले. डोरोथी सेयर्सनेही तिची तशीच वाखाणणी केली. आजचा वाचक म्हाताऱ्या कारभारी बेटरेजच्या मिस्कील निवेदनावर खूश होतो, मिस क्लॅकच्या धर्मपत्रकांना हसतो आणि नायिका रेचेलच्या हट्टी मौनावर चिडतो. ही सगळी आवडीनिवडीची मते, त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही. एक तक्रार मात्र वेगळ्या जातीची आहे. रहस्याचा उलगडा फसवा आहे, असे ती म्हणते. शेकडो पाने ज्याला शोधायचे तो सापडतो, आणि आपण चोरी केली हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसते. मग वाचकाच्या हाती लागले काय? हे मत वरकरणी वाङ्मयीन दिसते, पण त्याच्या पोटात एक नैतिक गृहीतक दडलेले आहे. ज्याने जाणून केले नाही त्याने काही केलेच नाही, त्याच्या खात्यावर काहीच चढत नाही, असे ते गृहीतक. मला ते चूक वाटते, आणि ही कादंबरी मोठी आहे ती या गृहीतकाला सुरुंग लावते म्हणून. अजाणतेपणा माणसाला शिक्षेतून सोडवतो. देण्यातून सोडवत नाही.

कथानक सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दीडशे वर्षांपूर्वीचे रहस्य फोडल्याबद्दल कोणी रागावणार नाही अशी आशा आहे. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला आणि इंग्रज फौजेने लूट केली, हा इतिहास. त्या धुमश्चक्रीत जॉन हर्नकासल नावाचा अधिकारी तीन रक्षकांचे मुडदे पाडून एक पिवळा हिरा लंपास करतो, ही कॉलिन्सची भर. हा हिरा मूळचा सोमनाथच्या चंद्रदेवाच्या कपाळावरचा, आणि त्याच्या मागावर पिढ्यान्‌पिढ्या तीन ब्राह्मण आहेत. (सोमनाथ हे ज्योतिर्लिंग, तिथे कपाळ असलेली मूर्ती कशी आणि चंद्रदेवाच्या रक्षकांना स्वप्नात विष्णू का दिसावा, असे प्रश्न आपल्याला पडतातच, कॉलिन्सला पडले नाहीत.) हर्नकासल मृत्युपत्राने तो हिरा भाचीला, रेचेल व्हेरिंडरला देतो. २१ जून १८४८ रोजी, तिच्या अठराव्या वाढदिवशी, हिरा यॉर्कशरमधल्या तिच्या घरी पोहोचतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. हिरा घेऊन येणारा तिचा मावसभाऊ फ्रँकलिन ब्लेक शोधकार्यात सर्वांत उत्साही. वर्षभराने उलगडते ते असे. मेजवानीत ब्लेकने वैद्यकशास्त्राची टिंगल केली. डॉक्टर कँडीने त्याची जिरवण्यासाठी गुपचूप त्याच्या पेयात अफूचा अर्क घातला. हिऱ्याच्या काळजीने ग्रासलेला ब्लेक त्या गुंगीत उठला, रेचेलच्या खोलीतून त्याने हिरा काढला आणि दुसऱ्या मावसभावाच्या, गॉडफ्रे एबलव्हाइटच्या हाती दिला. सुरक्षित ठेव म्हणून. सकाळी त्याला काहीही आठवत नव्हते. गॉडफ्रे धर्मादाय संस्थांचा लाडका वक्ता. पण त्याने पालकत्वाखालच्या एका मुलाचे पैसे उडवले होते, म्हणून त्याने हिरा एका सावकाराकडे गहाण टाकला.

अफूचा हा प्रकार ओढूनताणून आणलेला आहे, असा आक्षेप नेहमी येतो. वर्षभराने डॉक्टर कँडीचा सहायक एझ्रा जेनिंग्ज ब्लेकला पुन्हा अफू देतो आणि ब्लेक गुंगीत जवळजवळ सगळे पुन्हा करून दाखवतो, हे प्रयोगशाळेत टिकणार नाही, हे खरे. संधिवाताच्या वेदनांसाठी कॉलिन्स स्वतः अफूचा अर्क घेत असे आणि या कादंबरीचा काही भाग त्याने आजारपणात अंथरुणावरून सांगून लिहवला. त्या औषधाची त्याला घरच्यासारखी ओळख होती, तरीही प्रयोग जरा जास्तच नीटनेटका उतरला आहे. पण या आक्षेपाने नैतिक प्रश्न सुटत नाही. तत्त्वचिंतनात अशक्यप्राय उदाहरणेही उपयोगी पडतात, कारण एरवी एकमेकांत गुंतलेल्या गोष्टी ती सोडवून दाखवतात. इथे कृती शंभर टक्के ब्लेकची आहे आणि हेतू शून्य टक्के. रेचेलने त्याला हिरा उचलताना डोळ्यांनी पाहिले होते. तिचे पाहणे खरे, पाहिलेल्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा. अशी स्वच्छ फाळणी रोजच्या जगात क्वचितच मिळते.

कायद्यासमोर ब्लेकला उभे केले तर निकाल सोपा आहे. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरीच्या व्याख्येलाच अप्रामाणिक हेतू लागत असे. शिवाय तिचे ८५ वे कलम सांगत असे की, ज्याला नकळत किंवा इच्छेविरुद्ध नशा दिली गेली आणि त्यामुळे आपण काय करतो हे ज्याला कळत नव्हते, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. हे कलम जणू ब्लेकसाठीच लिहिले आहे. ते इंग्रजांनी हिंदुस्थानासाठी लिहिले, हा योगायोग कादंबरीला साजेसा आहे. आपली जुनी परंपराही हा भेद जाणते. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय अजाणता घडलेल्या पापाला वेदाभ्यासाची हलकी शुद्धी सांगतो आणि जाणून केलेल्याला वेगवेगळी कडक प्रायश्चित्ते. बुद्ध आणखी पुढे जातो : चेतना, म्हणजे हेतू, हेच कर्म. मज्झिमनिकायातल्या उपालि सुत्तात निग्गंठांचा म्हणजे जैनांचा पक्ष असा मांडलेला आहे की कायेने केलेले कर्म सर्वांत भारी. बुद्ध मनाच्या कर्माला तो मान देतो. बौद्धांच्या बाजूने पाहिले तर ब्लेकने काहीच केले नाही आणि तक्रारखोर वाचकाचे गृहीतक बरोबर ठरते. शिक्षेचा प्रश्न एवढाच असता तर मीही इथेच थांबलो असतो. पण मनूकडे नीट पाहा. अजाणत्या पापाला तो हलकी शुद्धी सांगतो, पण सांगतो. हात पूर्ण कोरे राहिले असे तो म्हणत नाही. हे उरलेले काय आहे?

महाभारतात आणि भागवतात नृग राजाची गोष्ट येते. दानशूर नृगाने हजारो गायी दान दिल्या. एका ब्राह्मणाची गाय चुकून त्याच्या कळपात शिरली आणि तीही दुसऱ्याला दान दिली गेली. पहिल्या मालकाने गाय ओळखली, दोघे भांडत राजाकडे आले. राजाने बदल्यात लाखभर गायी देऊ केल्या, पण दोघेही ऐकेनात. मरणानंतर नृग विहिरीत सरडा होऊन पडला, तो कृष्णाने उद्धरेपर्यंत. या गोष्टीतली शिक्षा मला पटत नाही. नकळत झालेल्या चुकीला सरड्याचा जन्म हा न्याय नव्हे. पण शिक्षा बाजूला काढली तरी गोष्टीतला पेच तसाच राहतो. गाय दुसऱ्याची आहे. राजाचे मन कितीही शुद्ध असो, त्याने गायीच्या मालकीत तसूभर फरक पडत नाही. पहिला ब्राह्मण लाख गायी नाकारतो तेव्हा तो हेकट दिसतो खरा, पण नुकसानीची किंमत कोणी ठरवायची हा त्याचा मुद्दा बिनतोड आहे. देणाऱ्याने ठरवायची नाही.

हाच मुद्दा धर्मशास्त्राने व्यवहाराच्या भाषेत फार रेखीव मांडला आहे, आणि या लेखाचा सगळा भार मी त्यावर टाकतो आहे. अठरा विवादपदांत ‘अस्वामिविक्रय’ नावाचे एक पद आहे : जो मालक नाही त्याने केलेली विक्री. मनुस्मृतीचा आठवा अध्याय त्यात एक प्रसंग घेतो. एकाने भर बाजारात, उघडपणे, किंमत मोजून वस्तू घेतली. विकणारा चोर होता आणि आता तो सापडत नाही. निकाल काय? विकत घेणाऱ्याला राजाने दंड करू नये. आणि ज्याची वस्तू हरवली होती त्याला ती परत मिळावी. एकाच श्लोकात दोन निकाल, आणि दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र. पहिला विचारतो, तुझ्या मनात काय होते? दुसरा विचारतो, तुझ्या हातात काय आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कितीही चांगले आले तरी दुसरा प्रश्न मिटत नाही. आपण निर्दोष असलो की आपल्या हातातली वस्तूही आपोआप निर्दोष होते, अशी समजूत फार प्राचीन असावी. तिचा बंदोबस्त करायला शास्त्रकारांना वेगळा श्लोक खर्च करावा लागला.

या दुहेरी निकालाने ‘द मूनस्टोन’ पुन्हा वाचली की तिचा गुरुत्वमध्य हलतो. वाचक १८४८ च्या चोरीमागे धावत असतो, आणि तपासाला आलेला सार्जंट कफही. पण पुस्तकाची सुरुवात १७९९ च्या चोरीने झालेली आहे, आणि तिचा चोर पहिल्या प्रकरणातच ठाऊक आहे. तिथे रहस्य काहीच नाही, म्हणून ती कोणी तपासतही नाही. वाढदिवसाच्या मेजवानीत हिरा सगळ्यांसमोर आहे. हर्नकासलची कुप्रसिद्धी घरात माहीत आहे. प्रवासी मर्थवेट तिथेच बसला आहे आणि बाहेर जादूगाराच्या वेषात आलेले तिघे कोण हे त्याने ओळखले आहे. धोका टाळायचा तर हिरा अॅमस्टरडॅमला पाठवून त्याचे तुकडे करावेत, असा सल्ला निघतो. तो परत करावा असे मात्र त्या घरात कोणाच्याच तोंडून निघत नाही. दुष्टपणाने नव्हे. ती सगळी भली माणसे आहेत, त्यांनी कोणाला मारले नाही, कोणाचे लुटले नाही. वाढदिवसाची भेट आली, त्यांनी घेतली. ब्लेकची अफूची गुंगी आणि या घराची सुखवस्तू गुंगी यांत कॉलिन्स मुद्दाम आरसा धरतो, असे मला वाटते. अफूत ब्लेकच्या मनात चोरी नसते, हिरा ‘सुरक्षित’ ठेवण्याची तळमळ असते. परक्याची वस्तू त्याच्याच भल्यासाठी आपण सांभाळतो आहोत, हा युक्तिवाद पुढे अनेक संग्रहालयांनी जागेपणी केला.

१८६८ च्या वाचकाला हे सूचन कळण्यासारखे होते. कॉलिन्सने आपल्या प्रस्तावनेतच कोहिनूरचे नाव घेतले आहे. १८४९ च्या लाहोरच्या तहाने दहा-अकरा वर्षांच्या महाराजा दुलीपसिंहाकडून तो काढून घेतला गेला, १८५० साली व्हिक्टोरिया राणीला अर्पण झाला आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात लोकांनी तो रांगा लावून पाहिला. कादंबरीतला काळ १८४८ ते १८५० आहे, हे लक्षात घ्यावे. मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण आहे. त्र्यंबकेश्वराच्या शिवाचा म्हणून परंपरा ज्याला ओळखते, तो नाशिकचा हिरा तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या अखेरीस, १८१८ साली, दुसऱ्या बाजीरावाकडून कंपनीच्या हाती गेला. तिथून लंडनचे जव्हेरी रंडेल अँड ब्रिज, मग १८३७ च्या लिलावानंतर वेस्टमिन्स्टरचा मार्क्विस, आणि नंतर आणखी हात. या साखळीतल्या मार्क्विसने काय पाप केले? त्याने रोख पैसे मोजले. युद्ध त्याने पुकारले नव्हते, पेशवाई त्याने बुडवली नव्हती. तो पूर्णपणे अदंड्य आहे. आणि तेवढ्याने हिरा त्याचा होत नाही.

इथे कायदा जाणणारा वाचक हात वर करील. प्रत्येक जुन्या वस्तूची वंशावळ उकरायची म्हटली तर बाजारच चालणार नाही. म्हणूनच इंग्रजी कायद्यात शतकानुशतके असा नियम होता की ठरलेल्या खुल्या बाजारात, उघडपणे, सद्‌भावनेने घेतलेला माल घेणाऱ्याचाच होतो, मग तो मुळात चोरीचा का असेना. या युक्तिवादात दम आहे. उद्याच्या व्यवहाराची शाश्वती हेही एक मूल्य आहे, आणि कालमर्यादेचे सगळे कायदे त्याच पायावर उभे आहेत. पण हा नियम कोणाचे हित पाहतो ते उघड आहे : मालक आणि खरेदीदार असे दोघे निरपराध समोर उभे असता तो बाजाराच्या सोयीसाठी मालकाचा बळी देतो. ती सोयीची तडजोड आहे, न्यायाचे तत्त्व नव्हे. इंग्लंडने स्वतः १९९४ साली तो नियम रद्द केला, हेही विसरू नये. शिवाय सोयीचा युक्तिवाद भांड्याकुंड्यांना लागू पडतो; जी वस्तू तिच्या इतिहासामुळेच प्रसिद्ध आहे, जिच्या नावातच मूळ गावाचे नाव आहे, तिच्याबाबत ‘आम्हाला कुठे ठाऊक होते’ असे कोण म्हणणार?

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. ज्यात माझी इच्छा नाही त्याचे ओझे माझ्यावर का? मी माझ्या निवडींचा बनलेला आहे, अपघातांचा नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्सने याचा विचार करताना एका ट्रकचालकाचे उदाहरण घेतले : त्याची कसलीही चूक नसताना त्याच्या गाडीखाली मूल येते. आपण सारे त्याला सांगू की तुझा दोष नाही, आणि ते खरेच असेल. पण तो लगेच ‘हो, दोष नाही’ म्हणून शांतपणे घरी गेला, तर आपल्याला त्याच्यात काहीतरी कमी वाटेल. हे कमी काय आहे, ते ब्लेकमध्ये दिसते. रोझॅना स्पिअरमन ही मोलकरीण त्याच्या झोपण्याच्या अंगरख्यावरचा रंगाचा डाग पाहते, त्याच्यावरच्या मूक प्रेमापोटी तो पुरावा लपवते आणि शेवटी चोरवाळूत जीव देते. तिच्या मरणाला ब्लेक दोषी नाही. पण कादंबरीतली त्याची सगळी धडपड आपले निर्दोषत्व रेचेलपुढे सिद्ध करण्याची आहे. ते सिद्ध झाले, लग्न झाले, मूल होणार, संपले. रोझॅनाचे तो काय देणे लागत होता हा प्रश्न त्याला फार वेळ छळत नाही. वाचकाला छळतो. उलगडा फसवा वाटतो त्याचे खरे कारण मला इथे दिसते. गुन्हेगार मिळाला नाही याने आपण तितके अस्वस्थ होत नाही. नायक फार स्वस्तात सुटला, याने होतो. म्हणजे तक्रार करणाऱ्या वाचकाची जाणीव बरोबर आहे, त्याने दिलेले कारण चुकले.

पण मग त्या तीन ब्राह्मणांचे काय? परतफेड इतकी पवित्र तर ती करणाऱ्यांनी गॉडफ्रेला लंडनच्या एका खानावळीत ठार मारले, ते कसे पचवायचे? पचवू नये. हिऱ्यावर देवाचा हक्क सिद्ध झाला म्हणून गॉडफ्रेचा जीव त्यांच्या मालकीचा होत नाही. जो नियम मार्क्विसला लागतो तो त्यांनाही लागतो. मात्र एक फरक आहे. १८५० सालच्या शेवटच्या प्रसंगात, काठेवाडात, समुद्र ओलांडून आणि वेषांतर करून जात गमावलेले हे तिघे तीन दिशांना कायमच्या तीर्थयात्रेला निघतात, पुन्हा कधी एकमेकांना न भेटण्यासाठी. जाणून केलेल्याची किंमत ते जाणून भरतात. त्यातही खुनाचे प्रायश्चित्त कॉलिन्स सांगत नाही, फक्त जातीचे सांगतो. ही त्याच्या हातची मोठी फट आहे. तरी सबंध पुस्तकात आपल्या कृत्याचा हिशेब न मागता चुकवणारी माणसे ही तीनच, आणि एका इंग्रज लेखकाने १८५७ च्या नंतर अकराच वर्षांनी हा मान त्यांना द्यावा, याची नोंद घेतली पाहिजे. १८५७ साली याच कॉलिन्सने डिकन्सबरोबर बंडाच्या संतापात बुडालेली एक कथा लिहिली होती.

उरतो सर्वांत अवघड आक्षेप : परत द्यायचे तर कोणाला? कादंबरीत उत्तर सोपे आहे, कारण कॉलिन्सने देऊळ, मूर्ती आणि रक्षक तिन्ही शाबूत ठेवले आहेत. खऱ्या सोमनाथाला १८५० साली जुने भग्न मंदिर होते आणि त्याच्याजवळ अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले नवे. शिवाय जी वस्तू चारदा लुटली गेली तिचा मालक पहिला की चौथा? कोहिनूरवर आज एकाहून जास्त देश हक्क सांगतात, आणि त्यातला प्रत्येक दुसऱ्याच्या लुटीकडे बोट दाखवू शकतो. टिपूकडे तरी तो काल्पनिक हिरा कसा आला होता? लुटीनेच. हा आक्षेप ताबेदारांना फार आवडतो, कारण मालक अनेक निघाले की आपण एकटेच उरतो असे त्यांना वाटते. पण अस्वामिविक्रयाचा नियम इथेही उपयोगी आहे. मालकी सांगणाऱ्याने ती सिद्ध करावी, नाही केली तर त्याचा दावा पडेल. मात्र दावेदार हरल्याने ताबेदार मालक होत नाही, त्याच्या हाती वस्तू ठेव म्हणून राहते, आणि ठेवीचे नियम मालकीच्या नियमांहून कडक असतात. ती विकता येत नाही, फोडता येत नाही, मुकुटात घालून मिरवता येत नाही. नाशिकच्या हिऱ्याच्या बाबतीत तर दावेदार शोधायला लांब जावे लागणार नाही. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलनेच देवमूर्तीला कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानले, आणि त्र्यंबकेश्वराची पूजा आजही चालू आहे. हिरा खरोखर त्याच देवाचा होता हे कागदोपत्री दाखवण्याचे काम शिल्लक आहे, आणि ते भक्तीने होणार नाही, पेशवे दफ्तरात बसूनच होईल.